वाचक विचारतात : बांधीत सारसाचं घरटं

प्रश्न : रोवणी होऊन तीन आठवडे झाले. मधल्या बांधीत (धानाच्या शेताच्या तुकड्यात) सारस क्रौंचाच्या जोडीने धान उपटून ढीग रचलाय, वर दोन अंडी आहेत. निंदण, युरिया बाकी आहे. काय करावं? (एक शेतकरी, जि. गोंदिया)

उत्तर : आधी पाणी सांभाळा. घरट्याभोवती पाणी आहे तोवर कुत्री सहसा तिकडे जात नाहीत. युरियासाठी बांधी सुकवली की त्यांना वाट मोकळी. पाणी हळूहळू चढलं तर जोडी काड्या टाकून घरटं उंच करते. वरच्या बांधीचं पाणी एका रात्रीत वीतभर चढलं तर मात्र अंडी बुडतात. म्हणून धुऱ्यावरची (बांधावरची) निकासाची वाट आजच्या पातळीला उघडी ठेवा, त्याहून खोल करू नका.

नर-मादी पाळीपाळीने साधारण महिनाभर अंडी उबवतात. तेवढे दिवस घरट्याभोवतीची तीसेक पावलं जागा निंदणातून सोडा. बाकीचं काम सकाळच्या गारव्यात उरका. बसलेला पक्षी मान ताठ करून पाहू लागला की तिथूनच मागे फिरा. तो उठून गेला तर कावळे अंडी फोडतात, दुपारचं ऊनही अंड्यांना मारतं. मोबाइलवर फोटो काढायला येणाऱ्यांना जागा सांगूच नका. नुकसान म्हणाल तर दीड-दोन मीटर घेराचं धान.

पिल्लं एक-दोन दिवसांत घरटं सोडतात, पण उडायला सुमारे तीन महिने लागतात. सप्टेंबरात अंड्यातून निघालेलं पिल्लू नोव्हेंबरच्या कापणीत धानातच दडून बसतं. हार्वेस्टर जवळच्या तलावाच्या विरुद्ध बाजूने चालवत आणा, म्हणजे पिल्लांना तलावाकडे सरकता येईल. अंडी उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा काठ बेशरमाच्या झुडपांनी भरलाय. दरवर्षी कापतो, तरी वाढतोच. (भंडारा)

उत्तर : कापता म्हणूनच वाढतो. चिखलात पडलेल्या प्रत्येक कांडीला मुळं फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलं की मुळासकट खणा आणि तलावाच्या पाळीपलीकडे (बांधापलीकडे) कोरड्या जागी वाळवा. पाऊस लागल्यावर राहिलेले फुटवे हाताने उपटा. दुसऱ्या वर्षीही एक फेरी लागतेच. तणनाशक पाण्यात नको, मासळी जाते. देवधान (तलावात आपोआप उगवणारं रानटी धान) मात्र बेशरमासोबत उपटू नका, पाणपक्षी त्यातच आसरा घेतात.