पीएसपीचा आवाज येतो, स्क्रीन काळी: "बोर्ड गेला" मानण्याआधी मॉडेल बघा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. जुना पीएसपी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) घेतला, स्क्रीनला तडा होता, ऑनलाइन "पीएसपीसाठी डिस्प्ले" मागवला, नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) बसवायला दिला. आता गेमचा आवाज येतो पण स्क्रीन काळीच, आणि दुकानदार म्हणतो की बोर्ड गेला, भंगारात द्या. आमच्या घरात हेच घडलंय, शब्दही हेच होते. म्हणून सविस्तर लिहितोय. मी मेकॅनिक नाही, धंदाही करत नाही. धाकट्या भावाच्या मशीनपायी जे शिकावं लागलं तेवढंच सांगतो.

चार्जर तपासा, बॅटरी काढून लावा वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. "पीएसपी" हे एका मशीनचं नाव नाही. 2004 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेला 1000, 2007 चा 2000 आणि 2008 चा 3000 समोर ठेवले तर भावंडं वाटतात, पण आतून बरंच काही वेगळं आहे. 2000 आणताना सोनीने मशीन जवळजवळ नव्याने बांधलं. 280 ग्रॅमचं वजन 189 वर आणलं, जाडी कमी केली, 32 एमबीची मेमरी 64 केली, डिस्कचं स्प्रिंगने उघडणारं झाकण काढून नखाने ओढायचं साधं झाकण दिलं, वरचं इन्फ्रारेड काढून टाकलं. बॅटरी 1800 एमएएचवरून 1200 वर आली, तरी खेळायला वेळ साधारण तेवढाच मिळतो, कारण आतली सर्किटं वीज कमी खातात. मग 3000 मध्ये परत स्क्रीन बदलली आणि माइक घातला. सांगायचा मुद्दा हा की तिन्हींच्या स्क्रीन वेगवेगळ्या आहेत आणि एकाची दुसऱ्याला चालत नाही. "1000/2000/3000 सगळ्यांसाठी" असं लिहून स्क्रीन विकणारा चुकीचं सांगतोय.

आता आमचं काय झालं ते. भावाचा 2000 हातातून पडला, स्क्रीन गेली. मोठा बोर्ड, एसी, टोकन नंबर असं सगळं असलेल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिला. नाव लिहीत नाही, वाद नको. काउंटरवरच्या माणसाने जॉब कार्डवर लिहिलं "पीएसपी, डिस्प्ले खराब". मॉडेल नंबरच नाही. मी म्हटलं, 2000 आहे, तसं लिहा. तो म्हणाला, "पीएसपी त पीएसपीच राहते नं भाऊ, पार्ट आला का फोन करतो." नंबर शेवटपर्यंत लिहिला नाही. पुढे "पार्ट बाहेरून येतोय" हे एकच उत्तर. फोन उचलणारा दर वेळी नवा, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी निरोप आला की बोर्ड डेड आहे, तपासणी फी भरून घेऊन जा. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत, स्क्रू सुटे, जुनी स्क्रीन गायब. सगळ्यात वाईट म्हणजे मेमरी स्टिकही गायब. त्यात भावाचे शाळेपासूनचे सगळे गेमचे सेव्ह होते. "आमच्याकडे आली तेव्हा नव्हती" म्हणे, आणि जॉब कार्डवर तिची नोंद नाही म्हणून आमचं तोंड बंद. पोरगा दुकानाबाहेर गाडीला टेकून रडला. त्या माणसांना नंबराचे चार आकडे लिहायला किती वेळ लागला असता?

पुढे बर्डीवरच्याच मोदी नंबरच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ते भिंगाखाली धरून दाखवलं. स्क्रीनपासून बोर्डाकडे दोन रिबन (पातळ चपट्या वायरी) जातात, एक रुंद चित्राची, एक अरुंद बॅकलाइटची म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाची. रुंद रिबनच्या सॉकेटवर नखाएवढी एक पट्टी असते, ती हळूच वर उचलायची, रिबन सरकवायची, पट्टी खाली दाबायची. आमच्या सॉकेटची ती पट्टी एका टोकाला मोडून लटकत होती, कारण 3000 ची रिबन जबरदस्तीने खुपसली होती. शेजारी बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडालेला. म्हणजे बोर्ड आपणहून मेला नव्हता, सेंटरनेच मारला होता. काकांनी फ्यूज बदलला, पण सॉकेट धड होईना. अखेर दुसऱ्या बंद पडलेल्या 2000 मधला बोर्ड टाकून मशीन चालू केलं.

तुमचा आवाज येतोय म्हणजे प्रोसेसर, मेमरी, बॅटरी सगळं काम करतंय. खोलीत अंधार करा, मशीन चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून स्क्रीनकडे बघा. अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीन जिवंत आहे, फक्त मागचा उजेड नाही. बहुतेक वेळा तो फ्यूज असतो. बॅटरी न काढता स्क्रीन लावली की तो उडतो, आणि घाईत सगळे तेच करतात. काम छोटं आहे, बारीक सोल्डरिंग येणारा माणूस हवा. काहीच दिसलं नाही तर रिबन नीट बसलेली नाही किंवा स्क्रीन दुसऱ्याच मॉडेलची आहे. मशीन हातात नसताना मी खात्री देऊ शकत नाही, पण एवढं बघितल्याशिवाय भंगारात देऊ नका.

मॉडेल कसं ओळखायचं? लेबलवर असतं, पण बाजारात बॉडी बदललेले पीस फार फिरतात, म्हणून लेबलवर पूर्ण भरवसा नको. वायफायचं बटण डाव्या कडेला असेल तर 1000, वरच्या कडेला असेल आणि समोर होम लिहिलेलं बटण असेल तर 2000. होमच्या जागी पीएसचं (प्लेस्टेशनचं) चिन्ह आणि समोर माइकचं बारीक छिद्र असेल तर 3000. पण समोरचं कव्हरही बदललेलं असू शकतं. नवी स्क्रीन मागवण्याआधी मशीन उघडून जुन्या स्क्रीनची रिबन बघायची आणि विकणाऱ्याच्या फोटोशी ताडायची, हाच पक्का मार्ग.

हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. दुरुस्त करून वापरायचा असेल तर 2000 सगळ्यात बरा. 3000 चे रंग उठून दिसतात, बाहेरच्या उजेडातही स्क्रीन बरी दिसते, पण वेगाने हलणाऱ्या चित्रात आडव्या रेघा दिसतात. ती स्क्रीनचीच रचना आहे, अपडेटने जाणार नाही, असं सोनीनेच सांगितलं होतं. काहींना त्या दिसतही नाहीत, माझं मात्र डोकं दुखतं. 2009 चा पीएसपी गो दिसायला देखणा, पण डिस्क नाही, बॅटरी आत बंद, आणि पीएसपीवरचं ऑनलाइन दुकानही आता बंद झालंय. आज तो घेऊ नका. 2011 च्या ई1000 ला वायफायच नाही.

बॅटरीचं वेगळं सांगतो, कारण आपलं नागपूर. जुनी लिथियम बॅटरी उन्हात फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा बॅटरी टेबलावर सपाट बसत नसेल तर ती त्याच दिवशी बाहेर काढा, टोचू नका, दाबू नका, कचरागाडीत टाकू नका. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत मशीन ठेवणं म्हणजे हौसेने फुगवणं. कूलरसमोरही ठेवू नका, ती ओल डिस्कच्या लेन्सला चांगली नाही. आणि 1000 ची जाड बॅटरी 2000 किंवा 3000 मध्ये लागते, पण मागचं साधं झाकण बसत नाही, मोठं झाकण वेगळं घ्यावं लागतं. ते नसेल तर पातळच घ्या.

दुकानात परत द्यायचा असेल तर मेमरी स्टिक आधी काढून घरी ठेवा. कार्डवर पूर्ण मॉडेल नंबर, "जुना पार्ट परत द्यावा" आणि तपासणी फी किती, हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या. समोरून मागून फोटो काढा. लिहायला नाही म्हणाले तर मशीन उचला आणि बाहेर या, लाजू नका. आमच्याकडे यातलं काहीच कागदावर नव्हतं, म्हणून तक्रार उभीच राहिली नाही. तुमच्याकडे पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. मी वकील नाही, नीट विचारून घ्या.

सध्या मशीन त्या दुकानातून परत आणा, काही नवं बसवू देऊ नका. टॉर्चचं करून बघा आणि दोन्ही रिबनच्या सॉकेटचा जवळून स्पष्ट फोटो इथे टाका. मोडलेली पट्टी फोटोत ओळखू येते, बघून सांगतो.