टाकी घेऊ की नको? आणि परसातल्या पाण्याचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : ताई, आमचं घर फोंड्याच्या बाजूला, कौलारू. मागे सहा माड, एक मानकुराद आंबा, थोड्या केळी. बांय (विहीर) आहे पण एप्रिल लागला की तळ दिसतो आणि नळाला तेव्हा नुसती धार येते. पावसात मात्र एवढं पाणी वाहून जातं की बघून जीव हळहळतो. छपराच्या पाखाडीचं पाणी साठवायला दोन हजार लिटरची टाकी घ्यायचा विचार आहे, मे पर्यंत पुरेल का?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : दादा, नाही पुरणार. आधीच सांगते म्हणजे निदान त्या आशेने पैसे घालणार नाही. हिशोब करून बघा, एक चौरस मीटर छपरावर 1 मिलीमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पडतो, म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर तीन लाख लिटर, थोडं उडालं सांडलं धरलं तरी दोन सव्वादोन लाख कुठे गेले नाहीत. पण बहुतेक सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुमची टाकी जूनच्या एका चांगल्या सरीत भरणार आणि मग गणेशचवथ होईपर्यंत नुसती वाहत राहणार, आणि पाऊस गेल्यावर हातात काय तर दोन हजार लिटर, पंधरा लिटरच्या सव्वाशे-दीडशे बालद्या. सहा माड आणि केळी असताना ते दिवाळीपर्यंत संपेल. पावसात धुणं, लादी, गाडी यासाठी टाकी वापरणार असाल तर जरूर घ्या, नळाचं तेवढं पाणी वाचेल.

मे महिन्याचं पाणी साठवायचं ते मातीत. आपला जांभा सच्छिद्र, पाणी पटकन पितो आणि तेवढ्याच पटकन खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, सोडून देतो, म्हणून जुलैत बांय काठोकाठ आणि एप्रिलला तळ. तेव्हा पाण्याला परसात जेवढं रेंगाळत ठेवता येईल तेवढं ठेवायचं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, कधी नीट बघितलंय का, वरून आलेलं पाणी पाटाने फिरवत फिरवत प्रत्येक झाडाच्या मुळाशी थांबवून मग खाली सोडतात, ते काही उगाच नाही. तुमच्या परसाला उतार असेल तर उताराला आडवे चर मारा, कडेला मातीचा किंवा चिऱ्यांचा हातभर बांध घाला. पन्हळीचं पाणी बांयच्या जवळ दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात सोडा. सरळ बांयत नको. कौलांवर शेवाळ असतं, पक्ष्यांची घाण असते आणि पिण्याचं पाणी तेच. सोडायचंच असेल तर खडी, रेती, कोळशाच्या गाळणीतून, आणि पहिल्या दोन-तीन सरी वाहू द्या. खड्डा संडासाच्या टाकीपासून लांब हवा, हे मात्र विसरू नका.

माडांचं वेगळं सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त पाणी फुकट जातं. लोक पाइप बुंध्याला लावून मोकळे होतात, पण पाणी पिणारी मुळं बुंध्याला चिकटून नसतात, पाच-सहा फुटांपर्यंत पसरलेली असतात. तेवढं रुंद आळं करा, आणि पाऊस सरत आला, जमीन अजून ओली आहे, तेव्हाच सोडणं (नारळाची सालं) पालथी घालून ते झाका, वर झावळ्या, पाला, जे असेल ते. आमच्या माडाखालचं एक सोडण मी एप्रिलमध्ये उचललं होतं, बाहेरची माती तापून फुटलेली आणि खाली मुठीत धरली तर गोळा होईल एवढी ओल, दोन गांडुळं पण होती. सोडणं विकू नका हो, जाळू पण नका.

प्रश्न : पर्वरीत फ्लॅट आहे, गॅलरीत वीस कुंड्या. पाणी गेलं की दोन दोन दिवस झाडं सुकतात.
– एक वाचक

उत्तर : कुंड्या लांब लांब ठेवल्या असतील तर आधी एकत्र आणा, एकमेकींच्या सावलीत राहतात. वर काथ्याच्या भुशाचा थर द्या. आणि रोज ठरलेला तांब्या ओतायची सवय सोडा, बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर आज नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी आहेच, पण एसीच्या नळीखाली बादली ठेवलीय का? आपल्या दमट हवेत रात्रभरात बरंच जमतं आणि झाडांना चालतं. पिऊ मात्र नका.

प्रश्न : न्हाणीचं साबणाचं पाणी केळीला सोडलं तर केळ मरते का? सासूबाई म्हणतात सोड, नवरा म्हणतो नको.
– एक गृहिणी, डिचोली

उत्तर : सासूबाईंचं ऐका. न्हाणीमागे केळ, अळू, कर्दळ लावायची रीत त्यासाठीच आहे. फक्त एके जागी डबकं होऊ देऊ नका, डास होतात, पाट दर थोड्या दिवसांनी फिरवा. मशीनचं पहिलं पावडरचं पाणी नको, शेवटच्या खळबळीचं चालेल. ब्लीच, फिनेल, बाळाच्या दुपट्यांचं पाणी बागेत नाही. आणि तांबडी भाजी, कोथिंबीर, मुळा यांना यातलं काहीच नको, त्यांना चांगलं पाणी द्या.

प्रश्न : कुठे गळत नाही तरी टाकी रोज रिकामी होते.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : गळतंय, दिसत नाही एवढंच. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेलाय. तिथे काही नसेल तर रात्री झोपताना गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे ते खडूने आखून ठेवा, टाकीतून घरात येणारा मेन व्हॉल्व बंद करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर टाकी किंवा व्हॉल्वच्या आधीचा पाइप, नाही उतरली तर घरातला एखादा जोड. प्लंबरला बोलावण्याआधी एवढं करा, म्हणजे तो आल्यावर नेमकी जागा दाखवता येईल.