डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' कादंबरीतल्या जागा खऱ्या आहेत का? जुने शब्द कळायला गाइड घ्यावं का?

जागा खऱ्या आहेत. लंडनमधल्या तर नावानिशी येतात: लिटल ब्रिटन, स्मिथफील्ड, न्यूगेट, बार्नार्ड्स इन. नायक पिपच्या गावाचं नाव मात्र डिकन्सने दिलेलं नाही.

गाइड अजिबात घेऊ नका.

टी.वाय.ला आम्हाला ही कादंबरी होती. दुसऱ्या प्रकरणात पिप विचारतो, हल्क्स म्हणजे काय? बहीण करवादते, कैद्यांची जहाजं, 'मेशेस'च्या पलीकडे. सरांनी गाइडातून वाचलं: मेशेस म्हणजे जाळ्या, कैदी पळू नयेत म्हणून जहाजांभोवती लावलेल्या. मी उभी राहून पुढचंच वाक्य वाचलं. त्यात पिप स्वतः सांगतो, आमच्याकडे मार्शेसना, म्हणजे पाणथळ जमिनीला, हाच शब्द आहे. म्हटलं, सर, हे आमचं खाजण. माझं माहेर अलिबागकडचं, खाजणाच्या बांधावरूनच शाळेत गेले मी. सर म्हणाले, "पेपरात गाइडातलं लिहायचं." मी खाजणच लिहिलं आणि त्या प्रश्नाला शून्य मिळालं.

लेक आता केंटमध्ये असते. तिच्याकडे गेले तेव्हा हट्टाने कूलिंगला गेले, पिपचं गाव तेच असं मानतात. सेंट जेम्सच्या चर्चच्या आवारात तान्ह्या मुलांची 13 थडगी आहेत. दुपट्यात गुंडाळलेली बाळं ओळीने निजवावीत तसे ते बुटके, गोलसर दगड. पिपच्या भावांचे कादंबरीत पाचच आहेत. मी एकावर हात ठेवला, दगड गार होता. मागे थेम्सपर्यंत सपाट जमीन, मध्ये पाण्याचे चर, आणि आडोसा कसलाच नाही. तिथे उभं राहिल्यावर मेशेसचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

हल्क्स म्हणजे डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं. अमेरिकेत युद्ध पेटल्यावर तिकडे कैदी धाडता येईनात, म्हणून 1776 पासून ती तुरुंगासारखी वापरली. 1857 पर्यंत हे चाललं. पळालेला कैदी मॅग्विच पिपकडे 'विटल्स' मागतो, ते व्हिटल्स, म्हणजे खाणं. असे शब्द मोठ्याने वाचले की उलगडतात.

कूलिंग हेच पिपचं गाव असं छातीठोकपणे सांगता येणार नाही हे खरं. डिकन्स जवळच गॅड्स हिलला राहायचा, आसपासची गावं त्याने एकत्र केली असावीत. कादंबरीतल्या सॅटिस हाउस या वाड्याचंही नाव रॉचेस्टरच्या एका घराचं आणि रूप दुसऱ्याचं, रिस्टोरेशन हाउसचं. आणि नीट टीपा दिलेली आवृत्ती मिळाली तर जरूर घ्या, माझा राग बाजारू गाइडांवर आहे. फक्त 'मेशेस'पाशी पेन्सिलीने 'खाजण' लिहून ठेवा.