नव्या माणसाची खेचतात तेव्हा

प्रश्न : महिन्यापूर्वी चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात मला स्टोअरमधून 'डावा पाना' आणायला पाठवलं. स्टोअरवाल्याने 'तो पेंट शॉपला गेलाय' म्हणून पुढे पिटाळलं. तीन शेड फिरून आलो तर सगळे हसत होते. आता सुट्टीत एअर गनने (दाबाची हवा सोडणाऱ्या नळीने) अंगावर हवा मारतात. बोललो तर जास्तच चिडवतील का?

या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. डावा पाना नावाचं हत्यारच नसतं; त्यापायी तुमच्याआधीही कितीतरी पोरं शेड फिरली आहेत. त्यांच्यासोबत हसा, 'पुढच्या ट्रेनीला मी पाठवणार नाही' एवढं सांगा, विषय संपला.

एअर गन मात्र मस्करी नव्हे. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा असते, कारखान्याच्या लाईनला साधारण सहा-सात बार. ती जखमेतून कातडीखाली शिरते, कानाचा पडदा फाडते, लोखंडाचा कीस डोळ्यात मारते. आपल्याच देशात या 'गमती'त आतडी फाटून कामगार मेलेत. त्या हवेने अंगावरच्या कपड्यांची धूळसुद्धा झाडायची नसते. आजच, नळी ज्याच्या हातात असते त्याला बाजूला घेऊन, चेहऱ्यावर हसू न आणता सांगा : 'दादा, हवा अंगावर मारायची नाही.' पुन्हा झालं तर त्याच शिफ्टला सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसरला कळवा. चार दिवस चुगलखोर म्हणतील. म्हणू देत.

प्रश्न : मी लातूरकडची, नोकरी पुण्यात. तोंडून 'आनि', 'पानी' निघालं की दोन सहकारी मुली तो शब्द मोठ्याने परत म्हणतात. मीटिंगमध्ये मी बोलणंच सोडलंय.

तेवढं सोडू नका. नव्या जागी तुमचं काम लोकांना कळतं ते तुमच्या बोलण्यातूनच. मराठवाडा, खानदेश, वऱ्हाडात असंख्य घरांत असंच बोलतात. ती तुमची बोली आहे, तुमची चूक नाही. त्यांनी शब्द परत म्हटला की थांबा, त्यांच्याकडे बघा, त्यांचं होऊ द्या आणि तेच वाक्य पहिल्यापासून, तुमच्याच उच्चारात पूर्ण करा. मग दोघींपैकी जी जरा मऊ वाटते तिला चहाला गाठून म्हणा, 'तू शब्द परत म्हणतेस तेव्हा मी काय सांगत होते तेच विसरते. नको ना करू.' आपलं बोलणं कुणाला इतकं लागतंय, हे पुष्कळदा समोरच्याच्या ध्यानातच आलेलं नसतं.

प्रश्न : एक सहकारी माझ्या कपड्यांवरून, 'बॉयफ्रेंड'वरून घाण बोलतो. मी नको म्हटलं तरी थांबत नाही. वरिष्ठ म्हणतात, 'तो सगळ्यांशीच असा वागतो.' मी प्रोबेशनवर आहे.

नको म्हटल्यावरही थांबत नाही, तिथे चेष्टा संपली. लैंगिक अर्थाचे शेरे कामाच्या जागी बायकांच्या छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात लैंगिक छळात मोडतात, आणि तो कायदा प्रोबेशनवरच्या, ट्रेनी, कंत्राटी सगळ्याजणींना लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी हवी, शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. पण आज रात्रीच एक वही काढा : तारीख, जागा, त्याचे शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. वरिष्ठांचं 'तो सगळ्यांशीच असा वागतो' हे वाक्यही तारखेसकट लिहा. बाकीच्या 'सगळ्या' कोण, हे समितीला त्यांनाच विचारता येईल.