दुवे मोजताना : साथरोगांच्या नेटवर्क मॉडेलविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : एसआयआरची (संसर्गप्रवण, बाधित, बरे झालेले अशा तीन गटांच्या साथ-मॉडेलची) समीकरणं सोडवता येतात. माणसं म्हणजे नोड आणि त्यांच्यातले संपर्क म्हणजे दुवे, अशा नेटवर्क मॉडेलची सुरुवात कशी करू?

पायथनमधल्या नेटवर्कएक्स या लायब्ररीने 10,000 नोडचं, सरासरी 10 दुव्यांचं रँडम नेटवर्क बनवा. दहा नोड बाधित करा, बाकीचे संसर्गप्रवण ठेवा आणि 0.1 दिवसाच्या टप्प्याने पुढे सरका. पूर्ण दिवसाचा टप्पा घेतलात तर खालच्या सूत्रांशी उत्तरं जुळणार नाहीत. नव्या अवस्था वेगळ्या यादीत लिहा आणि टप्पा संपल्यावरच मूळ यादीत उतरवा. नाहीतर आत्ताच बाधित झालेला नोड त्याच टप्प्यात पुढच्यांना बाधित करतो आणि नोड कोणत्या क्रमाने तपासले यावर निकाल ठरू लागतो.

प्रश्न : समीकरणांतला बीटा (संसर्गाचा रोजचा दर) 0.4 आणि गॅमा (बरं होण्याचा रोजचा दर) 0.2 तसेच वापरले. आर-नॉट, म्हणजे सुरुवातीला एक बाधित सरासरी किती जणांना बाधित करतो तो आकडा, 2 हवा होता, पण साथ भलतीच पसरली.

ही चूक जवळपास प्रत्येक नवशिक्याकडून होते. तिथला बीटा माणसामागे असतो, इथला दुव्यामागे. 0.4 ठेवल्यावर एका दुव्यावरून संसर्ग जाण्याची शक्यता, म्हणजे बीटा भागिले (बीटा + गॅमा), 0.4 भागिले 0.6, म्हणजे 0.67 होते. मग दहाने भागून 0.04 घ्यावासा वाटतो, पण त्याने आर-नॉट 1.67 वरच थांबतो. शेजारी तेच ते असतात, आणि एकदा बाधित झालेल्याला पुन्हा बाधित करता येत नाही. बीटा 0.05 घ्या : 0.05 भागिले 0.25 म्हणजे 0.2, गुणिले 10, बरोबर 2. ज्याच्याकडून संसर्ग आला तो दुवा वगळूनही 10 च का? जास्त दुवे असलेला नोड बाधित होण्याची शक्यताच जास्त, म्हणून.

प्रश्न : सर्वेक्षणातून सरासरी संपर्कसंख्या मिळाली. तेवढी पुरेल?

अजिबात नाही. समजा 90 टक्के लोकांना 5 दुवे आहेत आणि 10 टक्क्यांना 55. सरासरी 10 च, पण दुव्यांच्या संख्येच्या वर्गांची (5 × 5, 55 × 55) सरासरी 325. दुवे कोणाचे कोणाशी हे यादृच्छिक असेल, तर आर-नॉट म्हणजे 0.2 गुणिले (325 − 10) भागिले 10, म्हणजे 6.3! हा वेग टिकत नाही. 55 दुव्यांचे लोक लवकर बाधित होतात आणि मग साथ मंदावते. पण सुरुवातीची धावपळ तेच ठरवतात. ‘जास्तीत जास्त पाच संपर्क लिहा’ अशी प्रश्नावली नेमके हेच लोक झाकून टाकते. संख्येवर मर्यादा घालू नका, आणि संपर्क किती वेळ होता, रोजचा की एकदाचा, हेही विचारा.

प्रश्न : एकाच बाधितापासून सुरू केलं की कधी साथ येते, कधी नाही. कोड चुकलाय का?

बहुधा नाही. बीटा 0.05 च्या वरच्या रँडम नेटवर्कवर 100 पैकी साधारण 45 वेळा साथ पेट घेण्याआधीच विझते. किमान 500 वेळा चालवा. सगळ्या आलेखांची मिळून सरासरी काढू नका. ती यातल्या कोणत्याच साथीसारखी दिसत नाही. विझलेल्यांचं प्रमाण वेगळं सांगा. उरलेले आलेख, बाधितांची संख्या 100 वर गेली तो दिवस शून्य धरून, एकमेकांवर ठेवा.