वाचकांचे प्रश्न : काचपट्टीवरचे बुडबुडे आणि पाण्याचा थेंब

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी कांद्याच्या पापुद्र्याची तात्पुरती काचपट्टी करताना कव्हर स्लिप (वरून झाकायची पातळ काच) सुमारे ४५ अंशांत तिरकी धरून अलगद सोडावी, असे मी मुलांना सांगते आणि मुले तसे करतातही. तरीही निम्म्याहून अधिक काचपट्ट्यांवर जाड काळ्या कडेची वर्तुळे दिसतात आणि काही मुले त्यांनाच पेशी समजून वहीत आकृती काढतात. शिवाय तास संपण्याआधीच काचपट्ट्या सुकतात. आमचे कोठे चुकते?

उत्तर : आपण वर्णिलेली वर्तुळे हवेच्या बुडबुड्यांची आहेत. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते दाखवणारा आकडा) १.३३ आणि हवेचा जवळजवळ १ असल्यामुळे बुडबुड्याच्या कडेवर पडणारा प्रकाश इतका वळतो की तो वस्तुभिंगापर्यंत, म्हणजे काचपट्टीजवळच्या भिंगापर्यंत, पोहोचतच नाही, आणि म्हणून कड काळीभोर व मधला भाग उजळ दिसतो. मुलांनी जे पाहिले तेच प्रामाणिकपणे काढले, तेव्हा त्यांचे गुण कापू नयेत. त्याऐवजी पहिल्याच तासाला केवळ पाणी आणि बुडबुडे असलेली एक काचपट्टी मुद्दाम तयार करून सर्वांना दाखवावी. ती एकदा पाहिलेले मूल पुन्हा सहसा फसत नाही.

कव्हर स्लिप तिरकी सोडण्याची आपली सूचना योग्यच आहे, परंतु बहुतेक वेळा हवा त्याच्या आधीच अडकलेली असते. चिमट्याने सोललेला पापुद्रा हवेत काही क्षण राहिला तरी कडेने वळू लागतो, आणि अशा वळलेल्या, कोरड्या पडलेल्या तुकड्यावर नंतर कितीही काळजीपूर्वक काच ठेवली तरी घडीतली हवा बाहेर पडत नाही. म्हणून कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पापुद्रा सोलताच तो पाण्याच्या वाटीत सोडावा, तेथेच सुमारे ५ मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कापावा आणि बारीक ब्रशने उचलून काचपट्टीवरील पाण्यात पसरावा. त्यावर पाण्याचा आणखी एक लहानसा टिपका द्यावा आणि तुकडा पूर्ण भिजल्याची खात्री झाल्यावरच काच ठेवावी.

पाणी किती घ्यावे, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा. तो १८ मिलिमीटर चौरस कव्हर स्लिपखाली पूर्ण पसरला तर पाण्याचा थर सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा होतो. पापुद्रा पेशींच्या एकाच थराचा असल्यामुळे इतक्या पाण्यात तो तरंगतो, सरकतो, आणि ४० पटींच्या भिंगाखाली एक कोपरा स्पष्ट होईपर्यंत दुसरा धूसर होतो. पाणी फारच कमी घेतले तर कडेने हवा आत शिरते. म्हणून खालचे आणि वरचे पाणी मिळून एका थेंबापेक्षा थोडे कमीच असावे आणि जास्तीचे टिपकागदाने कडेवरून शोषून घ्यावे. शीतकपाटातले गार पाणी घेऊ नये, कारण ते कोमट होताना त्यात विरघळलेली हवाच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते.

आपण निफाडच्या आहात, तेव्हा एक आग्रहाची सूचना करतो. खरिपाचा गडद लाल कांदा मिळेल तेव्हा त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा घ्यावा. त्याला आयोडीनने रंगवण्याची गरज नाही, कारण रंग पेशींच्या रिक्तिकांमध्येच, म्हणजे पेशीतील रसाच्या पिशव्यांमध्येच असतो. कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून समोरच्या कडेला टिपकागद लावला की मिठाचे पाणी आत ओढले जाते आणि जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आकसताना मुलांना प्रत्यक्ष दिसतो. परासरण, म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याचे जास्त खारट बाजूकडे जाणे, समजावण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, आणि ते तर आपल्या तालुक्यात शेताशेतांतून पिकते.

सुकण्याविषयी थोडेच सांगतो. मार्च ते मे या काळात पंखा बंद ठेवावा, कडेला अधूनमधून पाण्याचा टिपका द्यावा, किंवा कव्हर स्लिपच्या चारही कडांना व्हॅसलिनची पातळ रेघ ओढावी. पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरल्यास काचपट्टी टिकते, मात्र ते जिवंत पेशींना आकसवते, म्हणून वरील प्रयोगात ते नको.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. घरी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पानावरील पांढरी बुरशी डाऊनीची की भुरीची (हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग), हे अशा काचपट्टीवरून ओळखता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी १० पटींचे वस्तुभिंगही पुरते. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पांढऱ्या वाढीवर हलकेच टेकवून उचलावा आणि चिकट बाजू खाली करून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबावर ठेवावा. येथे चिकटपट्टीच कव्हर स्लिपचे काम करते. बुरशीची लव पाणी झटकते व हवा धरून ठेवते, म्हणून पाण्याआधी स्पिरिटचा एक टिपका दिल्यास बुडबुडे बरेच कमी होतात. डाऊनीच्या बुरशीचे सूक्ष्म देठ झाडासारखे फांद्या फुटलेले असतात, त्या फांद्या जवळपास काटकोनात निघतात आणि टोकांना लिंबाच्या आकाराची बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी) असते. भुरीचे देठ सरळ, बिनफांद्यांचे असून त्यांवर पिंपासारखे बीजाणू एकाखाली एक साखळीत लागलेले दिसतात, जरी चिकटपट्टीवर ती साखळी अनेकदा तुटलेली मिळते.

ताज्या डाऊनीची काचपट्टी स्पिरिट न वापरता, केवळ पाण्यात करून ठेवली तर काही वेळाने बीजाणुधान्यांतून पोहणारे चलबीजाणू बाहेर पडताना दिसू शकतात. पाने ओली राहिली की हा रोग का पसरतो, याचे उत्तर आपणास तेथेच मिळेल.

पानाच्या वरच्या बाजूस तेलकट डाग आहे, पण खाली पांढरे काहीच नाही, असे असेल तर ते पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवावे. डाग डाऊनीचा असून बुरशी जिवंत असेल तर सकाळी त्याच्या खालच्या बाजूस पांढरी लव आलेली असते, आणि काचपट्टीसाठी तीच घ्यावी.