डोलकाठीच्या फटी बुजवल्या, तरी केबिन गळतेच

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही चौघा मित्रांनी २४ फुटी जुनी फायबरची शिडाची बोट घेतलीय, मुंबईत असते. पावसाळ्यात वर काढून ताडपत्री टाकली, डोलकाठी मात्र उभीच ठेवली. आत बंकवर (झोपायच्या फळीवर) पाणी टपकायचं म्हणून डोलकाठीच्या बुडाशी दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं, तर आता पहिल्यापेक्षा जास्त गळतंय! शिवाय काठीवरच्या फिटिंगच्या स्क्रूभोवती पांढरी पावडर येते आणि स्क्रू जाम झालेत. काय करावं?
— एक वाचक, मुंबई

उत्तर: अहो, तुम्ही पाण्याची बाहेर जायची वाटच बंद केलीत. डोलकाठी म्हणजे पोकळ पाइप, वर दोऱ्यांच्या कप्प्यांच्या (पुलींच्या) खाचा उघड्या, त्यात तुमच्या ताडपत्रीतून ती एकटी बाहेर आलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणारच, ते कोणाचा बाप अडवू शकत नाही. खाली बुडाशी जी छोटी फट किंवा भोक असतं ते हे पाणी डेकवर सोडायला असतं. तेच बुजवलं की पाणी आत साठत वर चढतं आणि लाइटची वायर जिथून डेकखाली उतरते तिथून थेट तुमच्या बंकवर. तेव्हा आधी ते भोक मोकळं करा, आतला कचरा तारेने काढा.

सील करायचं ते डेकवर बसवलेलं फिटिंग आणि डेक यांच्या मधे. पण सिलिकॉन नको, त्याचा थर राहिला की वर दुसरं काही धड चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर धातूलाही वाईट. पूर्ण खरवडा, ॲसिटोनने पुसा. मग ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावा. भोकाची वरची कड थोडी तिरकी घासली की बोल्टभोवती टेपची छान रिंग बसते. बोल्ट धरून ठेवा, नट फिरवा, आणि एकदम आवळू नका, दोन-तीन दिवस थोडं थोडं, बाजूने टेप बाहेर येत राहते ती कापून टाकायची. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट अशा ठिकाणी लावलंत तर पुढच्या वेळी फिटिंगसोबत डेकचा तुकडाही हातात येईल.

त्याआधी डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणटण आवाज ठीक, भदभद आला तर डेकच्या फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड भिजलंय. कुजलेलं काढून वाळवा, भोक मोठं करून इपॉक्सी भरा आणि त्यातून परत भोक पाडा.

आता पांढरी पावडर. काठी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचे, मधे खारं पाणी, झाली बॅटरी तयार! त्यात झिजतं ॲल्युमिनियम, आणि ही पावडर फुगून स्क्रूला घट्ट धरते. जोर लावून डोकं मोडू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग तेल पुसून हॉट एअर गनने काठी तापवा, ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं म्हणून पकड सुटते. परत बसवताना आट्यांना टेफ्लॉनवाली पेस्ट किंवा लॅनोलिन लावा आणि फिटिंगखाली नायलॉनचा पातळ तुकडा घाला. काठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या फिटिंगला मात्र काठी उभी असताना हात लावू नका हं.

सगळं झालं की एकाने काठीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं आणि एकाने टॉर्च घेऊन बंकवर पडून राहायचं, चौघांत कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.